वजनघटीतील पठारावस्था

आहार आणि व्यायामाच्या जोरावर काही महिने घटत गेलेले वजन, तोच आहार व तोच व्यायाम चालू असताना, एका आकड्यापाशी येऊन अडते. या अवस्थेला वजनघटीतील पठारावस्था म्हणतात. जालना जिल्ह्याच्या भोकरदन भागात हीच तक्रार ‘काटाच हलंना’ अशी ऐकू येते. आहारनियमन करणाऱ्या बहुतेकांना सहा ते आठ महिन्यांच्या सुमारास तिचा अनुभव येतो. ही व्याधी नव्हे आणि आळसाचा पुरावाही नव्हे. तिचे एक कारण शरीराच्या घटलेल्या खर्चात आहे आणि दुसरे, बहुधा मोठे, ताटात आहे.

काटा थांबला म्हणजे पठार आलेच असे नाही. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत झपाट्याने उतरणारे वजन बरेचसे पाण्याचे असते. यकृत व स्नायू यांत साठलेल्या ग्लायकोजेनच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे ३ ग्रॅम पाणी असते. साठा घटला की ते पाणीही जाते. पुढची घट चरबीची आणि म्हणून संथ असते. माणसाला मात्र पहिल्या वेगाची सवय झालेली असते, आणि निम्म्या तक्रारींचे मूळ इथेच असावे. याउलट चरबी घटत असतानाही काटा वर जाऊ शकतो. लोणचे, पापड, खारे शेंगदाणे यांतले मीठ पाणी धरून ठेवते. मासिक पाळीच्या आधी एक-दोन किलोंचा फरक सहज पडतो. अंगारकी चतुर्थीला भोकरदन तालुक्यातील राजूरच्या गणपतीला पायी जाऊन आलेल्या माणसाने दुसऱ्या दिवशी वजन केले, तर ते वाढलेले दिसण्याचाच संभव अधिक, कारण ताण पडलेले स्नायू दुरुस्तीसाठी पाणी ओढतात. म्हणून वजन सकाळी, शौचानंतर, काही खाण्यापूर्वी करावे, आठवड्याची सरासरी काढावी आणि कमरेचा घेर टेपने मोजावा. सरासरी व घेर हे दोन्ही चार आठवडे जागचे हलले नाहीत, तरच पठार मानावे.

शरीराच्या घटलेल्या खर्चाचा हिशेब सोपा आहे. हलके शरीर चालवायला, उठवायला, ऊबदार ठेवायला ऊर्जा कमी लागते. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत काम केलेल्या केव्हिन हॉल यांच्या मांडणीनुसार घटलेल्या प्रत्येक किलोमागे दिवसाचा खर्च सुमारे २० ते ३० किलोकॅलरींनी कमी होतो. ८४ किलोंचा माणूस ७४ वर आला की रोजची २०० ते ३०० किलोकॅलरींची गरज नाहीशी झालेली असते. सुरुवातीला ज्या आहाराने ५०० ची तूट पडत होती, तोच आहार आता त्याच्या निम्मीच तूट देतो. त्यातच भूक वाढते. त्याच मांडणीत प्रत्येक किलोमागे सुमारे १०० किलोकॅलरी इतकी भुकेची ओढ धरली आहे, म्हणजे खर्चातल्या घटीच्या तिप्पट-चौपट. चरबीतून स्रवणारे, भूक आवरणारे लेप्टिन घटते, जठरातील भूक चेतवणारे घ्रेलिन वाढते, आणि ऑस्ट्रेलियातील २०११ च्या अभ्यासात हे बदल वजन उतरल्यावर वर्षभरानेही टिकून असल्याचे आढळले.

अन्न घटले की शरीर हात आखडते, हे ठळकपणे दिसले ते १९४४–४५ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात अँसल कीज यांनी केलेल्या प्रयोगात. ३६ निरोगी तरुणांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवले होते. त्यांचे वजन सुमारे चतुर्थांशाने उतरले, आणि विश्रांतीतील ऊर्जाखर्च वजनाच्या घटीहूनही अधिक प्रमाणात खाली गेला. २०१६ मध्ये हॉल यांनी दूरचित्रवाणीवरील वजन उतरवण्याच्या एका स्पर्धेतील १४ जणांची सहा वर्षांनी तपासणी केली. त्यांचा विश्रांतीतील खर्च अपेक्षेपेक्षा रोज सुमारे ५०० किलोकॅलरींनी कमी होता. हा आकडा लोकांना फार घाबरवतो. पण महिनोन्महिने दिवसाचे कित्येक तास व्यायाम आणि तुटपुंजे अन्न अशी ती स्पर्धा होती; रोज तासभर चालणाऱ्या गृहिणीला किंवा शिक्षकाला तो लावण्यात अर्थ नाही.

खर्चातली घट एवढेच कारण असते, तर पठार येण्यास सहा महिने नव्हे, दोन-तीन वर्षे लागली असती. गणिती प्रारूपे तसेच सांगतात. पठार लवकर येते, कारण दरम्यान खाणे हळूहळू पूर्वपदावर सरकलेले असते आणि खाणाऱ्याला ते जाणवत नाही. १९९२ मध्ये न्यूयॉर्कच्या संशोधकांनी ‘१,२०० किलोकॅलरींहून कमी खातो तरी वजन उतरत नाही’ असे सांगणाऱ्यांचा खर्च प्रयोगशाळेत मोजला. चयापचय ठीकठाक निघाला. खाल्लेले सरासरी ४७ टक्के कमी आणि केलेली हालचाल ५१ टक्के जास्त सांगितली गेली होती. ही माणसे खोटारडी नव्हती. वाढलेली भूक आणि अंदाजाने वाढलेले ताट यांतून असेच घडते, डॉक्टरांच्या घरीसुद्धा.

भोकरदन भागात ही सरकण नेमकी कुठून होते, ते स्वयंपाकघरात शोधावे लागते. ज्वारीच्या भाकरीला उगाच दोष दिला जातो, तरी घरच्या मोठ्या भाकरीत ८० ते १०० ग्रॅम पीठ जाते आणि तिच्या सुमारे ३०० किलोकॅलरी होतात, हे ध्यानात असावे. खरा हिशेब चुकतो तो तेल, शेंगदाणे आणि चहा यांत. भाजीवर आलेल्या तर्रीतील मोठा चमचाभर तेल म्हणजे सव्वाशे किलोकॅलरी. मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम शेंगदाण्यांच्या १६० ते १७०. त्यांचे कूट वांग्याच्या भाजीत, ठेच्यात आणि चटणीत विरघळते व मोजले जात नाही. दोन चमचे साखरेच्या दुधाच्या चहाचे चार कप झाले की तीनशेच्या आसपास भर पडते, आणि पाहुणचारातील चहा नाकारणे इथे अजून उद्धटपणाच समजतात. एकादशी, चतुर्थीला साबुदाण्याची खिचडी होते. साबुदाणा जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे, प्रथिने नावालाच, वर कूट व तूप. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण आहारतज्ज्ञाच्या टिपणातही शोभेल. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे. ती सोलून खावी. ग्लासभर रसात तीन-चार फळांची साखर येते, चोथा जातो आणि पोटही भरत नाही.

तेव्हा पठार तोडण्याची पहिली पायरी उपाशी राहण्याची नाही, मोजण्याची आहे. आठवडाभर तेल, कूट, साखर व पीठ चमच्याने किंवा लहान काट्यावर मोजून वहीत लिहिले, की हरवलेल्या २००–३०० किलोकॅलरी बहुधा तिथेच सापडतात. तेवढ्याच काढाव्यात. त्याहून मोठी कपात केली की भूक सूड उगवते आणि स्नायूही झडतात.

दुसरी पायरी प्रथिनांची. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने प्रौढांसाठी दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम प्रथिने रोज सुचवली आहेत. वजन उतरवताना साधारण १.२ ग्रॅमपर्यंत घेण्याचा सल्ला दिला जातो (मूत्रपिंडाचा विकार असल्यास डॉक्टरांना विचारूनच). प्रथिनांनी पोट अधिक वेळ भरलेले राहते आणि घटीच्या काळात स्नायू राखले जातात. भाकरी आणि पातळ वरणावर हे प्रमाण गाठले जात नाही. मटकी-हुलग्यांची उसळ, घट्ट वरण, दही, अंडी यांची भर हवी. तालुक्याच्या शेतांतून पोतीच्या पोती सोयाबीन बाजारात जाते आणि ताटात मात्र क्वचितच येते, हा विरोधाभासच आहे. सोयावडीत जवळपास निम्मी प्रथिने असतात. घरचे सोयाबीन खायचे तर ते नीट भिजवून, पुरते शिजवूनच खावे.

महाराष्ट्रात वजनघटीची घरोघरी चर्चा झाली ती डॉ. जगन्नाथ दीक्षित यांच्या ‘विनासायास वेटलॉस’ मोहिमेमुळे. लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात प्राध्यापक असताना दीक्षितांनी डॉ. श्रीकांत जिचकर (१९५४–२००४) यांच्या विचारांवरून ही पद्धत प्रसारात आणली. कडक भूक लागेल तेव्हा दिवसातून दोनदाच जेवावे, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांच्या आत संपवावे आणि ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालावे, असे तिचे सार आहे. २०१८ मध्ये राज्य शासनाने स्थूलत्वविरोधी मोहिमेसाठी दीक्षितांना पुढे केले, तेव्हा दर दोन तासांनी थोडे खाण्याचा पुरस्कार करणाऱ्या ऋजुता दिवेकर यांच्या चाहत्यांशी दीक्षितांच्या समर्थकांची समाजमाध्यमांवर मोठी जुंपली होती. दोन वेळांची पद्धत मराठवाड्यात रुजली याचे कारण उघड आहे: तिला पैसा, वजनकाटा, वेगळा स्वयंपाक काही लागत नाही. मधला चहा आणि फरसाण बंद झाल्यानेच पुष्कळांची तूट पडते. पण हीच सोय पठारावर अडचण ठरते. ताटात काय व किती याचे बंधन नसल्याने दहा किलो उतरल्यावरही ताट जुनेच राहते. चीनमधील ग्वांगझू येथे १३९ जणांवर वर्षभर झालेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, कॅलरी मोजून खाणारे आणि त्यासोबत खाण्याची वेळही आठ तासांत बांधून घेणारे यांच्या वजनघटीत लक्षणीय फरक आढळला नाही. म्हणजे दोनदा जेवणाऱ्याने पठारावर तिसरे जेवण शोधू नये, तसे एकदाच जेवण्यावरही येऊ नये. त्या दोन ताटांतले तेल व पीठ पाहावे.

व्यायामाकडून लोक नको ती अपेक्षा धरतात. ७० किलोंच्या माणसाने साडेचार किलोमीटर चालल्यावर बसून राहण्यापेक्षा १५० ते २०० किलोकॅलरी जास्त खर्च होतात, म्हणजे साधारण मूठभर शेंगदाणे. स्नायू वाढवले की चयापचय धडाडून वाढतो, हेही जिमवाल्यांचे आवडते वाक्य; विश्रांतीत एक किलो स्नायू दिवसाला जेमतेम १३ किलोकॅलरी खर्चतो. तरी पठारावर ताकदीचे व्यायाम हवेतच, कारण उतरणाऱ्या वजनातला सुमारे चतुर्थांश भाग चरबीखेरीज इतर ऊतींचा असतो आणि ही गळती ते रोखतात. आठवड्यातून दोन-तीनदा बैठका, भिंतीला वा जमिनीवर दंड, पाठीवर ओझे घेऊन पायऱ्या चढणे एवढ्याने सुरुवात होते; तालमीची परंपरा असलेल्या भागात हे शिकवायला परगावचा प्रशिक्षक लागू नये. आवर्तने सोपी वाटू लागली की ओझे वाढवावे. शिवाय वजन उतरू लागल्यावर माणूस नकळत कमी हलतो; शेताच्या बांधापर्यंतही मोटारसायकल काढतो. सकाळी तासभर फिरणे आणि उरलेला दिवस दुकानाच्या गादीवर, यातून पठार सुटत नाही.

केळना नदीकाठच्या या तालुक्यात मका, कापूस, सोयाबीन व मिरची यांच्या हंगामाप्रमाणे अंगमेहनत बदलते. खुरपणी, सोंगणी, कापूस वेचणी यांच्या दिवसांत वजन आपोआप उतरते. उन्हाळ्यात शेत रिकामे होते आणि नेमक्या तेव्हाच लग्नाच्या पंगती उठतात. चैत्र-वैशाखात थांबलेला काटा पुष्कळदा पठाराचा नसून हंगामाचा असतो. अशा वेळी वजन आहे तिथे राखले तरी ते यश मानावे, कारण ठरवून घेतलेला विसावा निरुपयोगी नसतो. ऑस्ट्रेलियातील २०१७ च्या एका चाचणीत दोन आठवडे कमी खाणे व दोन आठवडे गरजेइतके खाणे असा फेर धरलेल्या स्थूल पुरुषांचे वजन सलग कमी खाणाऱ्यांपेक्षा अधिक उतरले, अर्थात त्यांना कालावधीही दुप्पट लागला. हंगामाचा फटका झोपेलाही बसतो: रब्बीत शेतपंपाची वीज रात्री येते तेव्हा गव्हा-हरभऱ्याला पाणी द्यायला जाणाऱ्यांची झोप मोडते. झोप अपुरी असताना कमी खाल्ले तर उतरणाऱ्या वजनात चरबीचा वाटा घटतो, असे २०१० च्या एका छोट्या प्रयोगात दिसले आहे. या लोकांना ‘आठ तास झोपा’ सांगून उपयोग नाही. दुपारची झोप तरी बुडू देऊ नये.

आणखी उतरवायचेच का, हाही प्रश्न पठारावर विचारावा. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचे शेजारी-शेजारी छायाचित्र ‘लॅन्सेट’ने २००४ मध्ये छापले होते. दोघांचा देहभार निर्देशांक सारखाच, २२.३, पण युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के चरबी, याज्ञिकांच्या २१.२ टक्के. भारतीय शरीर सडपातळ दिसतानाही पोटाशी चरबी बाळगते, हे याज्ञिकांच्या संशोधनाचे सूत्र. म्हणूनच भारतात निर्देशांक २३ पासून जास्त वजन व २५ पासून स्थूलत्व धरतात, आणि कमरेची मर्यादा पुरुषांत ९० तर स्त्रियांत ८० सेंटीमीटर मानतात. वजन थांबले, पण घेर कमी होतो आहे आणि रक्तशर्करा, रक्तदाब सुधारत आहेत, तर काही बिघडलेले नाही. मूळ वजनाच्या ५ ते १० टक्के घटही मधुमेहाचा धोका पुष्कळ कमी करते.

मोजून खाऊनही घेर हलत नसेल तर अवटू ग्रंथीची मंदता, बीजांडकोशांचा विकार (पीसीओएस), तसेच स्टेरॉइड, इन्सुलिन, मधुमेहाच्या व मनोविकारांच्या काही गोळ्या यांचा विचार डॉक्टरांकडून करून घ्यावा. मधुमेहाची औषधे चालू असताना जेवणांची संख्या स्वतःच्या मनाने घटवणे धोक्याचे आहे. शर्करा एकदम उतरून बेशुद्धी येऊ शकते. २०२५ मध्ये भारतात उपलब्ध झालेल्या टिर्झेपटाइड व सेमाग्लुटाइड या साप्ताहिक इंजेक्शनांनाही पठार चुकलेले नाही. सेमाग्लुटाइडच्या मुख्य चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी १४.९ टक्के वजन उतरले, पण वक्र साठाव्या आठवड्याच्या सुमारास सपाट झाला होता. औषध थांबवलेल्यांनी पुढील वर्षभरात उतरलेल्या वजनाचा सुमारे दोन-तृतीयांश भाग परत मिळवला.