वुहानच्या ग्रंथपाल मेरी वुड

चीनमधील वुहान शहराचे नाव २०२० मध्ये कोरोनाच्या साथीमुळे घरोघरी पोहोचले. ग्रंथालय क्षेत्रात मात्र हे शहर फार पूर्वीपासून एका वेगळ्या कारणासाठी परिचित आहे. चीनमधील आधुनिक ग्रंथालयशास्त्राच्या शिक्षणाचा पाया येथे घातला गेला. त्यात पुढाकार होता मेरी एलिझाबेथ वुड या अमेरिकन ग्रंथपाल महिलेचा.

वुड यांचा जन्म १८६१ मध्ये न्यूयॉर्क राज्यात झाला. तेथील बटेव्हियाच्या ग्रंथालयात त्यांनी सुमारे दहा वर्षे काम केले. १८९९ मध्ये त्या धर्मप्रसारक भावाला भेटण्यासाठी वुचांगला, म्हणजे आजच्या वुहानमध्ये गेल्या आणि स्वेच्छेने तेथेच राहिल्या. बून शाळेत इंग्रजी शिकवताना पुस्तकांची उणीव जाणवल्याने त्यांनी ग्रंथ व निधी जमवण्यास प्रारंभ केला. त्यातून १९१० मध्ये बून ग्रंथालय उभे राहिले. शाळेबाहेरील नागरिकांनाही ते खुले होते. पुढे पुस्तकांच्या पेट्या भरून अन्य संस्थांमध्ये पाठवण्याची फिरती सेवाही सुरू झाली.

मात्र परदेशी माणसाच्या भरवशावर ग्रंथालय चिरकाल टिकणार नाही, ही जाण त्यांच्या कार्याचे खरे वैशिष्ट्य ठरली. शेन झुरोंग आणि हू छिंगशेंग या सहकाऱ्यांना त्यांनी ग्रंथालयशास्त्राच्या शिक्षणासाठी अमेरिकेला धाडले. ते परतल्यावर १९२० मध्ये तिघांनी मिळून बून ग्रंथालयशास्त्र विद्यालय स्थापन केले. चीनमधील हे अशा प्रकारचे पहिले विद्यालय होय.

बॉक्सर उठावानंतर चीनवर लादलेल्या नुकसानभरपाईचा उर्वरित भाग अमेरिकेने सोडून द्यावा आणि त्यातून ग्रंथालयांना साहाय्य मिळावे, यासाठी वुड यांनी वॉशिंग्टनमध्ये लोकप्रतिनिधींच्या भेटी घेतल्या. १९२४ मध्ये तसा कायदा संमत झाला. १९२७ मध्ये एडिंबरा येथे ग्रंथालय संघटनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाची स्थापना झाली, तेव्हा चीनच्या वतीने वुड यांनीच स्वाक्षरी केली.

१९३१ मध्ये वुचांग येथेच त्यांचे निधन झाले. त्यानंतरही शेन यांच्या नेतृत्वाखाली विद्यालय चालू राहिले. जपानी आक्रमणामुळे ते छोंगछिंगला हलवावे लागले, तरी अध्यापन थांबले नाही. १९५३ मध्ये ते वुहान विद्यापीठात विलीन झाले आणि तेथे ही विद्याशाखा आजही कार्यरत आहे. परक्या भूमीत सेवा करणाऱ्याने आपल्या पश्चात काम चालवणारी माणसे तेथेच घडवावीत, हा धडा वुड यांच्या कारकिर्दीने घालून दिला.