छायाचित्रावरून मोटारगाडीची ओळख

छायाचित्रावरून मोटारगाडीची ओळख म्हणजे छायाचित्रात दिसणाऱ्या खुणांच्या आधारे गाडीचा निर्माता, मॉडेल व निर्मितीचा काळ निश्चित करणे होय. दुर्मीळ गाड्यांच्या शौकिनांमध्ये हा छंद रूढ असून मोटारींच्या इतिहासाच्या अभ्यासातही त्याचा उपयोग होतो.

खुणा

रेडिएटरची जाळी, दिवे, चाकांच्या टोप्या व दारांच्या बिजागऱ्या यांवरून प्रथम अंदाज बांधतात. जुन्या बुगाटी गाड्यांची जाळी घोड्याच्या नालेच्या आकाराची असते. बुगाटी टाइप ५७ अटलांटिक ही गाडी टपाच्या मध्यावरून मागे जाणाऱ्या, रिव्हेट मारलेल्या शिवणीमुळे ओळखू येते.

मर्यादा

दुसऱ्या महायुद्धापूर्वी अनेक उंची गाड्यांची चॅसी एका कंपनीची, तर बॉडी दुसऱ्या कारखान्याची असे. त्यामुळे एकाच मॉडेलच्या दोन गाड्या निराळ्या दिसत. याउलट, मुंबईत बनलेल्या फियाट ११०० डिलाइट व प्रीमियर पद्मिनी यांची नावे वेगळी असली तरी बाह्यरूप जवळपास एकच आहे.

छायाचित्रावरून मॉडेल कळले, तरी गाडी अस्सल आहे की प्रतिकृती हे कळतेच असे नाही. अटलांटिकच्या केवळ ४ गाड्या बनल्या. त्यांपैकी १ दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास बेपत्ता झाली. तशी गाडी आढळल्यास चॅसी क्रमांकाची प्रत्यक्ष तपासणी अपरिहार्य ठरते.