मालकाचा विमा कुणाकडे? एका नोंदवहीचा इतिहास



आजचा विषय ऐकून काही जणांना वाटेल की हे काय कारकुनी प्रकरण काढलं. प्रश्न अगदी साधा आहे. आपण ज्या मालकाकडे काम करतो, त्याने आपल्या अपघाताचा विमा कुठल्या कंपनीकडे उतरवला आहे, हे आपल्याला कळू शकतं का? मालकाला न विचारता, साहेबाच्या केबिनबाहेर ताटकळत न बसता?

आज रस्त्यावरच्या गाडीचा नंबर मोबाईलमध्ये टाकला की तिचा विमा चालू आहे की संपला, ते दिसतं. कामगाराला मालकाचं नाव टाकून असं पाहता येईल का? ब्रिटनमध्ये आता बऱ्याच अंशी येतं. पण ती सोय आली २०११ साली, आणि कामावरच्या अपघाताची भरपाई देणारा तिथला कायदा आहे १८९७ चा. मधल्या ११४ वर्षांत काय झालं, ते आज पाहू. ब्रिटन निवडण्याचं कारण असं की आपला १९२३ चा कायदा त्याच कुळातला आहे. शेवटी आपण घरी परत येणारच आहोत.

सुरुवात १८३७ पासून करू. प्रीस्टली नावाचा एक पोऱ्या एका खाटकाकडे कामाला होता. प्रमाणाबाहेर माल भरलेली गाडी मोडली आणि त्याच्या मांडीचं हाड मोडलं. त्याने मालकावर दावा लावला. लिंकनच्या ज्युरीने त्याला १०० पौंड दिले, पण वरच्या न्यायालयाने निकाल फिरवला. न्यायाधीशांचं म्हणणं असं, की नोकराला अशी भरपाई द्यायला लागलो तर मालकांच्या जबाबदारीला अंतच उरणार नाही. शिवाय धोका दिसत होता, तर नोकराने काम नाकारायचं होतं. यातूनच पुढे तत्त्व रुजलं की सोबतच्या कामगाराच्या चुकीने इजा झाली तर मालक जबाबदार नाही. खाणीत, गिरणीत जवळजवळ प्रत्येक अपघातात कुणी ना कुणी सोबतचा कामगार असायचाच. म्हणजे दार बंदच.

हे दार १८९७ साली उघडलं. जोसेफ चेंबरलेन यांच्या पुढाकाराने झालेल्या त्या कायद्याने चूक कुणाची हा प्रश्नच बाजूला ठेवला. कामावर असताना, कामामुळे इजा झाली ना? मग मालकाने पैसे द्यायचे. सुरुवातीला रेल्वे, कारखाने, खाणी असे ठरावीक धंदेच त्यात होते. १९०६ मध्ये जवळजवळ सगळे अंगमेहनतीचे कामगार आले आणि शिसं, पारा, फॉस्फरस यांच्या विषबाधेसारखे काही आजारही यादीत आले.

कायदा मोठाच होता, यात वाद नाही. पण त्यात एक भोक राहिलं. पैसे मालकाने द्यायचे हे लिहिलं. मालकाने विमा काढलाच पाहिजे हे लिहिलं नाही. मोठे मालक विमा काढत, लहान मालक नशिबावर सोडत. मालकाचं दिवाळं वाजलं की कामगाराचा हक्कही त्याच्याबरोबर बुडायचा. कोळशाच्या खाणींत हे इतकं झालं की १९३४ मध्ये खाणमालकांपुरती सक्ती करावी लागली. बाकीच्यांचं आहे तसंच चाललं.

दुसरं भोक आजारांचं. रॉचडेल या गावातली नेली केरशॉ ही ॲस्बेस्टॉसच्या गिरणीत सूत काढायची. १९२२ मध्ये दम लागून तिचं काम सुटलं. डॉक्टरने दाखल्यावर ॲस्बेस्टॉसची विषबाधा असं लिहून दिलं. कंपनीने सांगितलं, हा आजार यादीत नाही, पैसे मिळणार नाहीत. १९२४ च्या मार्चमध्ये ती वारली. वय ३३. तिला पुरलं त्या जागी नावाचा दगडसुद्धा नव्हता. तिच्या फुफ्फुसाच्या तपासणीवर डॉ. विल्यम कुक यांनी लिहिलं आणि वैद्यकशास्त्राला हा आजार नीट कळायला लागला. १९३१ साली कारखान्यातल्या धुळीबद्दल नियम झाले आणि आजार भरपाईतही आला.

आता एक तारखांची तुलना करू. ब्रिटनमध्ये मोटारीचा तिसऱ्या पक्षासाठीचा विमा सक्तीचा झाला १९३० च्या कायद्याने. रस्त्यावर चालणाऱ्या अनोळखी माणसाला गाडीने उडवलं तर त्याला पैसे मिळालेच पाहिजेत, हे तेव्हा मान्य झालं. विमा नसलेल्या गाडीने धडक दिली तर काय, यासाठी विमा कंपन्यांनी १९४६ मध्ये एक सामाईक संस्थाही काढली. आणि स्वतःच्या कामगारासाठी विम्याची सर्वसाधारण सक्ती? कायदा १९६९ चा, अंमल १ जानेवारी १९७२ पासून. रस्त्यावरचा वाटसरू चाळीस वर्षं आधी सुरक्षित झाला, आणि रोज आठ तास यंत्रासमोर उभा राहणारा मागे राहिला. मधे १९४८ पासून सरकारी विम्यातून औद्योगिक अपघाताची मदत मिळू लागली होती हे खरं, पण मालकाच्या चुकीबद्दलचा दिवाणी दावा वेगळा, आणि त्याचा पैसा विम्यातूनच यायचा.

१९७२ पासून एक कागद कारखान्याच्या भिंतीवर आला. विम्याचा दाखला. विमा कंपनीचं नाव, मुदत, सगळं त्यावर. तो कामगाराला दिसेल असा लावायचा, नाही तर दंड. ही झाली सार्वजनिक माहितीची पहिली पायरी. हात यंत्रात सापडला, तर सोबती त्या भिंतीकडे जाऊन नाव उतरवून घेऊ शकत होते.

पण मंडळी, भिंतीवरचा कागद भिंत उभी आहे तोवरच. तुटलेला हात त्याच दिवशी दिसतो. धुळीचे आजार तसे नसतात. ॲस्बेस्टॉसमुळे होणारा मेसोथेलिओमा हा कर्करोग धूळ छातीत गेल्यावर वीस, तीस, कधी पन्नास वर्षांनी वर येतो. ब्रिटनमध्ये अलीकडच्या काळातही या एका आजाराने वर्षाला दोन हजारांहून जास्त माणसं गेली आहेत. बोटीच्या गोदीत १९६५ साली बॉयलरवर आवरण चढवणारा पोरगा २००५ साली आजारी पडतो. गोदी बंद झालेली. कंपनीचं नाव तीनदा बदललेलं. कागद लावलेली भिंत पाडून तिथे घरं झालेली. विमा होता, हप्ते भरले होते, पॉलिसी कुठल्या तरी तळघरात पडलेली आहे. पण कुणाच्या तळघरात?

हा प्रश्न किती जीवघेणा आहे ते डॉरिस ब्रॅडली यांच्या खटल्यात दिसलं. लँकशायरमधल्या कापड गिरणीत, कार्डिंग खात्यात त्यांनी वर्षानुवर्षं काम केलं. कापसाच्या धुळीने बिसिनोसिस झाला. मुंबईच्या गिरणगावात ज्यांच्या घरी कुणी कार्डिंगला होतं, त्यांना ही धूळ काय ते सांगायला नको. ब्रॅडलीबाईंची गिरणी कंपनी १९७६ साली विसर्जित झाली होती. त्यांनी थेट विमा कंपनीला गाठलं. हाउस ऑफ लॉर्ड्सने १९८९ मध्ये सांगितलं, आधी मालकाची जबाबदारी सिद्ध झाली पाहिजे. आणि जी कंपनी अस्तित्वातच नाही तिच्यावर दावा कसा लावणार? त्याच वर्षी संसदेने कायदा बदलला. इजेच्या दाव्यासाठी विसर्जित कंपनीला कागदोपत्री पुन्हा जिवंत करायची मुभा मिळाली. पण मेलेली कंपनी उठवून उपयोग काय, तिचा विमा कुणाकडे होता तेच ठाऊक नसेल तर?

सरकारने मग एक उपाय केला. नव्या नियमांनी मालकांना सांगितलं की विम्याचे दाखले चाळीस वर्षं जपून ठेवा. १९९९ पासून हा नियम लागू झाला आणि २००८ मध्ये तो काढून टाकला. चाळीस वर्षांचा नियम दहा वर्षंही टिकला नाही! आम्हाला यात सरकारचा दुष्टपणा दिसत नाही. पण चूक मुळातच होती. जो मालक उद्या नसणार आहे, त्याच्याच कपाटात पुरावा ठेवायला सांगणं म्हणजे बुडत्या बोटीत जीवरक्षक जाकिटं बांधून ठेवण्यासारखं झालं. त्याच २००८ पासून दाखला भिंतीऐवजी संगणकावर दाखवायचीही परवानगी मिळाली.

विमा कंपन्यांनीही १९९९ पासून स्वेच्छेने जुन्या पॉलिसी शोधून देण्याची पद्धत सुरू केली होती. अर्ज यायचा, तो सगळ्या कंपन्यांकडे फिरायचा, ज्याने त्याने आपली दप्तरं चाळायची. पुष्कळ अर्जांना उत्तर यायचं, सापडलं नाही. आजारी माणसाकडे तेवढा वेळ नसतो. मेसोथेलिओमाचं निदान झालेले बरेच जण वर्ष-दीड वर्षात जातात.

शेवटी २०११ साली मालकांच्या विम्याचा शोध घेणारं एक कार्यालय सुरू झालं आणि त्याची ऑनलाइन नोंदवही उघडली. १ एप्रिल २०११ पासून नव्या किंवा नूतनीकरण झालेल्या पॉलिसी त्यात घालणं विमा कंपन्यांवर बंधनकारक झालं. जुन्यांपैकी ज्यांवर दावे आले त्या, आणि शोधून सापडलेल्याही घातल्या गेल्या. कामगाराने किंवा त्याच्या वकिलाने मालकाचं नाव आणि कामाचा काळ टाकायचा. फी नाही.

इथे एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट. नावाने शोधण्यात घोटाळा फार. एकच कंपनी कुठे लिमिटेड, कुठे अँड सन्स, कुठे आणखी काही. म्हणून २०१२ पासून आयकर खात्याने मालकाला दिलेला क्रमांकही पॉलिसीबरोबर नोंदवायला लागले. तो पगाराच्या कागदांवर असतो. म्हणजे कामगाराने घरातल्या पेटीत जपलेला जुना कागद हीच त्या नोंदवहीची किल्ली झाली.

आणि जे १९६५ चे, ज्यांची पॉलिसी सापडतच नाही, त्यांचं काय? त्यांच्यासाठी २०१४ चा मेसोथेलिओमा कायदा झाला. ज्यांना मालक किंवा विमा कंपनी शोधून मिळत नाही, त्यांना एका योजनेतून पैसे. आणि ते पैसे आज धंद्यात असलेल्या विमा कंपन्यांकडून वसूल होतात. या कायद्याचा अर्थ नीट ऐका. कागद हरवला ही कामगाराची चूक नाही, तेव्हा त्याचा भुर्दंड कामगाराने का सोसायचा, हे तत्त्व अखेर मान्य झालं. मात्र ते एकाच आजारापुरतं. कापसाच्या धुळीला ते लागू नाही.

अमेरिकेत गाडी थोड्या वेगळ्या वाटेने गेली. तिथे १९११ पासून एकेका राज्याने आपापला कायदा केला, मिसिसिपी सगळ्यात शेवटी, १९४८ मध्ये. आज कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क, फ्लोरिडा अशा अनेक राज्यांत मालकाचं नाव टाकून विमा आहे का ते कुणालाही पाहता येतं. फ्लोरिडात तर बांधकामाच्या धंद्यात कुणाला विम्यातून सूट आहे तेही दिसतं. त्यामुळे घराचं छप्पर दुरुस्त करायला ठेकेदार बोलावणारा घरमालकही आधी पाहून घेतो. माहिती उघडी असली की तिचा उपयोग नुसता अपघातानंतर होत नाही, आधीही होतो.

आता घरी येऊ. आपला वर्कमेन्स कॉम्पेन्सेशन कायदा १९२३ चा, लागू झाला १ जुलै १९२४ पासून. इंग्रजी कायद्याचा सांगाडा आला, तसं ते भोकही आलं: भरपाई मालकाने द्यायची, पण विम्याची सक्ती नाही. स्वातंत्र्यानंतर आपण एक चांगली गोष्ट केली. १९४८ चा कामगार राज्य विमा कायदा केला आणि १९५२ मध्ये कानपूर आणि दिल्लीपासून योजना सुरू झाली. त्यात विमा कुणाकडे हा प्रश्नच उरत नाही. विमा कंपनी एकच, राज्य विमा महामंडळ, आणि क्रमांक कामगाराच्या स्वतःच्या नावावर. गिरणी बंद पडली तरी तो क्रमांक गिरणीबरोबर जात नाही.

पण या योजनेच्या बाहेर किती जण आहेत ते आपल्या आसपास पाहा. इमारतीवर परांची बांधणारे, बोअरवेलवाले, लहान ठेकेदाराचे गडी. बऱ्याच कामांवर ठेकेदाराकडे डब्ल्यूसी पॉलिसी असते, कारण काम देणारा ती मागतो. म्हणजे पॉलिसी ठेकेदाराच्या फाइलमध्ये असते, बिल्डरच्या फाइलमध्ये असते, आणि जो परांचीवर चढतो त्याला ती आहे हेच माहीत नसतं. २०१७ च्या दुरुस्तीने मालकावर जबाबदारी टाकली की कामावर घेतानाच कामगाराला त्याच्या भरपाईच्या हक्काची माहिती त्याला समजेल अशा भाषेत, लेखी द्यायची. नाही दिली तर त्या दुरुस्तीत ५०,००० ते १ लाख रुपये दंड होता. पुढे हा कायदा २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत सामावून घेतला गेला. पण हक्काची माहिती देणं वेगळं आणि विमा कंपनीचं नाव-क्रमांक सगळ्यांना दिसेल अशा नोंदवहीत असणं वेगळं.

ब्रिटनने ११४ वर्षांत शिकलेला धडा एवढाच आहे, की हक्काला पत्ता लागतो. आणि तो पत्ता मालकाच्या भिंतीवर किंवा कपाटात ठेवून भागत नाही, कारण आजार मालकापेक्षा जास्त जगतो. गाडीच्या बाबतीत आपल्याला हे पटलं आहे. माणसाच्या बाबतीत पटायला हवं.

तोवर आम्ही एवढंच सांगू. तुमच्या घरी, सोसायटीत, गावात कुणी ठेकेदार गडी घेऊन कामाला आला, तर दर ठरवताना त्याच्या पॉलिसीचा कागद मागा. विमा कंपनीचं नाव, पॉलिसी क्रमांक आणि मुदत पाहा, आणि त्याचा फोटो त्या गड्यांच्या मोबाईलवरही जाऊ द्या. ठेकेदार जरा कुरकुरेल. कुरकुरू दे.