जुळ्या कोकरांचा लांबचा प्रवास

आमच्या किनवटला शेळीला दोन करडं झाली तर कुणी वळूनही बघत नाही. दख्खनी मेंढीला मात्र बहुधा एकच कोकरू. का बरं? शोधत गेलो तर गोष्ट थेट जहाजावर पोचली.

१७९२-९३ मध्ये कलकत्त्याहून काही बंगाली मेंढ्या सिडनीला गेल्या. पुढे तिथल्या 'बुरूला' मेरिनो मेंढ्या दोन-दोन, तीन-तीन कोकरं देताना दिसल्या. कारण सापडलं २००१ साली. एका जनुकात एका अक्षराचा बदल! (आमच्या धंद्यात याला बग म्हणतात.) त्याने एका माजात जास्त बीजांडं सुटतात. २००२ मध्ये तोच बदल सुंदरबनच्या गारोल मेंढीत मिळाला. गंमत म्हणजे फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने १९९० च्या दशकातच गारोल आणि दख्खनीचा संकर सुरू केला होता. त्यातूनच 'नारी सुवर्णा' आली.

ही जुळी वेगवेगळ्या बीजांडांची. माणसात एका गर्भाचे दोन झाले तर वार बहुतेकदा एकच असते. रक्ताची वाटणी बिघडली की दोघांच्याही जिवावर बेततं. गाईत खोंडासोबत जन्मलेली कालवड बहुधा वांझ निघते, कारण पोटात दोघांचं रक्त मिसळतं.

मेंढीचं दुखणं उपासमारीचं. शेवटच्या दीड महिन्यात गर्भ झपाट्याने वाढतात. चारा अपुरा पडला की ती अंगातली चरबी जाळते आणि शेवटी आडवी पडते. वाचली तरी दूध दोघांना पुरायला हवं. तेव्हा अशा मेंढीला खुराक लागतो, नि माळ तुडवणाऱ्या कळपाला तो दरवर्षी जमेलच असं नाही.