जुन्या युकुलेलेतील चिठ्ठी

जुने युकुलेले विकावयास निघाले की जाणते गिऱ्हाईक प्रथम तारा छेडीत नाही. ते वाद्याच्या मधल्या गोल छिद्रातून आत डोकावते. गिटारीच्या या चार-तारी धाकट्या भावंडाच्या पोटात, पाठीच्या फळीवर, कारागिराची कागदी चिठ्ठी चिकटवलेली असते. ‘आमच्या आजोबांचे वाद्य आहे’ हे विकणाऱ्याचे शब्द गिऱ्हाईक सौजन्याने ऐकून घेते, परंतु किंमत ठरते ती बहुधा त्या चिठ्ठीवरून. आणि तीवर होनोलुलूच्या मानुएल नुनेश याचे नाव असेल, तर सोबत एक मोठा दावाही छापलेला आढळतो : १८७९ साली युकुलेलेचा शोध लावणारा तो हाच! या दाव्याची साक्ष येथे थोडी तपासून पाहू.

नुनेश हा मदैरा बेटाचा. अटलांटिक महासागरातील हे पोर्तुगीज बेट आपल्याला वाटते तितके परके नाही. तेथील फुंशाल शहरी १५१४ साली धर्मप्रांत स्थापन झाला व पुढे त्याला महाधर्मप्रांताचा मान मिळाला. गोव्याचा नवा धर्मप्रांत १५५१ पर्यंत याच फुंशालच्या अधीन होता. वसई १५३४ साली पोर्तुगीजांच्या हाती गेली, तेव्हा आपल्या किनाऱ्यावरील पहिल्या ख्रिस्ती कुटुंबांचे दूरचे महाधर्मपीठ या मदैरातच होते, असे म्हणावयास हरकत नाही. त्या बेटावर ‘माशेती’ नावाचे चार तारांचे चिमुकले वाद्य घरोघरी वाजत असे. पाच तारांचे ‘रजांव’ हे त्याचे थोरले भावंड.

एकोणिसाव्या शतकात मदैरावर दैन्य ओढवले. १८५२ साली द्राक्षवेलींवर बुरशी पडली, १८७२ च्या सुमारास मुळे खाणारी कीड आली आणि मद्याचा व्यापार बसला. हवाई बेटांतील उसाच्या मळ्यांना मजूर हवे होते. करारावर अंगठे उठवून चारशेहून अधिक मदैरावासी ‘रेव्हन्सक्रॅग’ या जहाजावर चढले आणि दक्षिण अमेरिकेच्या टोकाला वळसा घालून, चार महिन्यांनी, ऑगस्ट १८७९ मध्ये होनोलुलूला उतरले. बेटांवर १८२७ पासून कॅथलिक मिशनरी होते. ज्या कॅथेड्रलमध्ये फादर डेमियन यांना १८६४ साली गुरुदीक्षा मिळाली, ते शांतिमातेचे मंदिर या मजुरांना बंदराजवळच लाभले. स्वतः फादर डेमियन तेव्हा मोलोकाई बेटावर कुष्ठरोग्यांत सहा वर्षे काढून बसले होते.

अशी हकीगत सांगतात, की जोआंव फर्नांडिस नावाच्या तरुणाने जहाजातून उतरताच आनंदाने माशेती वाजविली. वाद्य त्याचे नव्हते. एका सहप्रवाशाने ते बरोबर आणले होते, परंतु त्याला वाजविता येत नव्हते! पुढे थोड्याच दिवसांत होनोलुलूचे वृत्तपत्र या मदैरावासीयांच्या रस्त्यावरील रात्रीच्या वादनाविषयी कौतुकाने लिहू लागले.

त्या जहाजावर तीन सुतार होते : नुनेश, आउगुश्तो दिअश आणि जुझे दु एश्पीरितु सांतु. या तिसऱ्याचे आडनावच ‘पवित्र आत्मा’. मळ्यावरील करार आटोपल्यावर १८८० च्या दशकात तिघेही होनोलुलूत वाद्ये बनवू लागले. तेथील कोआ वृक्षाचे लाकूड त्यांनी वापरले, आकार माशेतीचा ठेवला आणि तारांची जुळणी रजांववरून घेतली. राजा कालाकाउआ याने या वाद्याला आश्रय दिला. (हाच राजा १८८१ साली जगप्रवासात मुंबईलाही येऊन गेला होता.) १८८६ मधील त्याच्या जयंतीच्या सोहळ्यात हुला नृत्याला युकुलेलेची साथ होती.

तेव्हा ‘१८७९ चा शोध’ हे विधान आम्हांस मान्य होण्यासारखे नाही. त्या वर्षी वाद्य मदैराहून तयारच आले होते, आणि पुढे जे घडले ते तिघांच्या हातून, हवाईच्या लाकडातून व राजाच्या आवडीतून घडले. नुनेश कुशल कारागीर होता याविषयी शंका नाही. परंतु चिठ्ठी छापणारा तोही अखेर दुकानदारच होता.

या वाद्याला खरे मोल आले ते १९१५ साली, सॅन फ्रान्सिस्कोच्या जागतिक प्रदर्शनात. अमेरिकेला युकुलेलेचे वेड लागले. मार्टिन या जुन्या गिटार-कारखान्याने १९०७ च्या सुमारास केलेला पहिला प्रयत्न जाड बांधणीमुळे फसला होता, पण १९१६ पासून त्याचीही युकुलेले बाजारात आली. त्याच वर्षी होनोलुलूत सॅम्युअल कमाका यांनी स्वतःचा धंदा मांडला. मात्र मुख्य भूमीवरील काही कारखानदार स्वतःच्या मालावर ‘हवाईत बनविलेले’ असे बेधडक छापू लागले. हवाईच्या कारागिरांना अखेर ‘टाबू’ या शब्दाचा खास शिक्का काढून आपली वाद्ये ओळखू आणावी लागली. हे पाप सातव्या आज्ञेखाली मोडते की आठव्या, हे आमच्या धर्मगुरूंनी ठरवावे. आम्हांस ते दोन्हींखाली दिसते.

म्हणून असे जुने वाद्य विकावयाचे झाल्यास मालकाने ती चिठ्ठी उकलू नये, फाटली असल्यास नवी डकवू नये आणि चकाकी यावी म्हणून कोआवर ताजे व्हार्निशही फासू नये. भेग असल्यास भेग दाखवावी. ‘आजोबांचे’ म्हणावयाचे तर आजोबांनी ते कधी, कोठे घेतले हे ठाऊक असेल तेवढेच वेगळ्या कागदावर लिहून वाद्यासोबत द्यावे.

एश्पीरितु सांतु १९०५ साली वारला, दिअश १९१५ साली. अमेरिकेला लागलेल्या वेडाचा पैसा दोघांच्याही पदरात पडला नाही. नुनेश १९२२ पर्यंत जगला आणि त्याच्या मुलांनी धंदा वाढविला. त्यामुळे त्याच्या नावाची वाद्ये आजही अधूनमधून विक्रीस येतात. इतर दोघांची चिठ्ठी असलेले वाद्य मात्र क्वचितच कोणाच्या हाती लागते, आणि संग्राहक त्याचीच वाट पाहत असतात.