काहीच न करणारी आज्ञा

परवा भाचा घरी आला होता. तो कंपायलरचे काम करतो, म्हणजे माणसाने लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राच्या आज्ञांत उतरवणाऱ्या प्रोग्रॅमचे. त्याच्या लॅपटॉपवर अशा आज्ञांची लांबच लांब यादी होती आणि तिच्यात मधूनच 'नॉप, नॉप, नॉप'. हे काय म्हणून विचारले.

"नो ऑपरेशन, मामा. काहीच न करणारी आज्ञा."

"मग लिहिलीस कशाला?"

"मी नाही, असेम्बलरने घातली. जागा भरायला."

जागा भरायला! वृत्तात अक्षर कमी पडले की संस्कृत कवी च, वै, तु, हि असे काहीतरी घालतात, त्यांना पादपूरणार्थक म्हणतात, हे वर्गात कितीदा सांगितले असेल. यंत्रालाही वृत्त असते की काय? मग त्याला विचारत आणि मिळेल ते वाचत आठ दिवस गेले.

गोष्ट मागे नेली तर आयबीएमच्या ६५० या संगणकापाशी पोचते. हे यंत्र १९५४ पासून गिऱ्हाइकांकडे जाऊ लागले. त्याची स्मृती म्हणजे मिनिटाला १२,५०० फेरे घेणारा एक धातूचा पिंप. त्यावर २,००० घरे, प्रत्येक पट्ट्यावर ५०. आज्ञा दहा अंकी: दोन अंक काय करायचे याचे, चार अंक कोणत्या घरातले सामान घ्यायचे याचे, आणि उरलेले चार पुढची आज्ञा कोणत्या घरात आहे याचे. हे शेवटचे चार अंक कशाला? तर एक आज्ञा पुरी होईपर्यंत पिंप पुढे सरकलेला असतो. पुढची आज्ञा शेजारच्याच घरात ठेवली तर ते घर हातचे निघून गेलेले, आणि आता पूर्ण फेरा होईपर्यंत वाट पाहायची. जत्रेतल्या गोल चक्रात आपला घोडा पुढे गेला की तो फिरून येईपर्यंत उभे राहावे लागते, तसेच. फेऱ्याला लागत ४.८ मिलिसेकंद. आपल्याला ते काहीच वाटत नाही, पण दर आज्ञेला तेवढे थांबायचे म्हटले तर काम रखडलेच.

म्हणून आज्ञा काही घरे सोडून ठेवायच्या. किती सोडायची ते आज्ञेवर अवलंबून. हा हिशेब लोक कागदावर करत. १९५५ मध्ये आयबीएमच्या स्टॅन पोली यांचा एक असेम्बलर आला, तो हे काम स्वतःच करी. त्याच्या लांबलचक नावाच्या आद्याक्षरांचा शब्द 'सोप' असा होतो, म्हणजे साबण! डोनाल्ड नुथ यांनी १९६८ साली आपल्या सुप्रसिद्ध ग्रंथाचा पहिला खंड माणसाला नव्हे, अशाच एका ६५० यंत्राला अर्पण केला. तरुणपणी त्यांनी याच सोपची पुढची आवृत्ती लिहिली होती.

पण असेम्बलरवर विश्वास न ठेवणारेही होते. मेल के हे रॉयल मॅकबी कंपनीतले प्रोग्रॅमर. त्यांच्या आरपीसी-४००० यंत्रातही असाच पिंप होता. आज्ञा नेमक्या जागी बसवणारा असेम्बलर हाताशी असून ते तो वापरत नसत. तो कुठे काय ठेवील ते कळत नाही, ही त्यांची तक्रार. त्यांची एक करामत मला फार आवडली. टंकयंत्र हळू, त्याच्यासाठी मध्ये थांबावे लागे. दुसरा कोणी वेळकाढूपणाच्या आज्ञा घालेल. मेल पुढची आज्ञा मुद्दाम नुकत्याच निघून गेलेल्या घरात ठेवत! पिंपाचा फेरा हाच त्यांचा नॉप.

मेल कंपनी सोडून गेल्यावर त्यांच्या पत्त्यांच्या खेळाच्या प्रोग्रॅममधली एक चूक काढायचे काम एड नॅदर यांच्याकडे आले. त्यात एक लूप होता, त्यातून बाहेर पडायची अटच कुठे दिसेना. तरी प्रोग्रॅम चाले. हे कोडे उलगडायला नॅदरना दोन आठवडे लागले. आणि उलगडल्यावर, चूक सापडत नाही असे साहेबाला सांगून ते मोकळे झाले. इतक्या सुंदर कामाला हात लावणे त्यांना पटेना. १९८३ साली त्यांनी ही हकीकत लिहिली आणि मेल प्रोग्रॅमरांचे दैवत झाले.

मला मेलचे कौतुक वाटते, पण मास्तर म्हणून मी पोलींच्या बाजूचा. मागून येणाऱ्याचे दोन आठवडे जातात, त्याचा हिशेब कोणी करायचा?

असो. पिंप गेले, तरी मोजमाप राहिले. १९६४ मध्ये आलेल्या सिस्टिम/३६० मध्ये प्रत्येक आज्ञा सम क्रमांकाच्या पत्त्यावर सुरू व्हावी लागे, आणि हव्या त्या हद्दीपर्यंत नॉप भरण्यासाठी असेम्बलरला 'सीएनओपी' अशी वेगळी सूचनाच होती. १९७८ च्या इंटेल ८०८६ मधला एका बाइटचा नॉप तर मोठा गमतीचा. मुळात ती अदलाबदलीची आज्ञा, पण अदलाबदल स्वतःशीच. उजव्या खिशातले पैसे काढून उजव्याच खिशात ठेवायचे! पुढचे प्रोसेसर एका वेळी सोळा-सोळा बाइट उचलू लागले. लूपची सुरुवात अशा तुकड्याच्या शेपटाला आली तर पहिल्या उचलीत एखाददुसराच कामाचा बाइट हाती लागतो. म्हणून आधी नॉप भरायचे आणि लूप नव्या तुकड्याच्या तोंडाशी आणायचा.

इथपर्यंत प्रश्न वेगाचा होता. २०१९ च्या नोव्हेंबरात इंटेलने जाहीर केले की, २०१५ च्या स्कायलेकपासूनच्या त्यांच्या अनेक प्रोसेसरांत एक दोष आहे. उडी मारायला सांगणारी आज्ञा ६४ बाइटच्या हद्दीवरून गेली, तर क्वचित यंत्र भलतेच काही करू शकते. दुरुस्ती आली, पण ३२ बाइटच्या हद्दीवरून जाणाऱ्या किंवा तिथेच संपणाऱ्या उड्या तिच्यामुळे मंदावल्या. त्यावर उपाय म्हणून असेम्बलरला नवा पर्याय दिला गेला: अधेमधे भरणा घालून उड्यांना त्या हद्दीला शिवूच द्यायचे नाही. जे जुने प्रोग्रॅम कोणी पुन्हा असेम्बल केले नाहीत, त्यांनी मात्र मंदपणा निमूट सोसला.

भाच्याला विचारले, "तुझे हे तीन नॉप कशासाठी? लूपसाठी की त्या दोषासाठी?"

"बघावं लागेल, मामा. असेम्बलरने कुठे काय ठेवलंय ते मी रोज थोडंच बघतो!"