बालाघाटावरची आगगाडी

वऱ्हाडाच्या जुन्या भूगोलांत पयनघाट व बालाघाट असे दोन भाग मानलेले आहेत. अकोल्याच्या बाजूचा, काळ्या जमिनीचा व कापसाचा सखल प्रदेश तो पयनघाट. त्याच्या दक्षिणेस डोंगर चढून गेल्यावर जें पठार लागतें तें बालाघाट. वाशीम हें या वरच्या घाटावरील प्रमुख शहर. अकोल्याहून तेथें जातांना सुमारें ८० किलोमीटरांच्या वाटेंत अडीचशे मीटरांच्या आसपास चढावें लागतें. हा चढ चढावयास आगगाडीला जवळजवळ नव्वद वर्षें लागलीं. इतका विलंब कां लागला, आणि गाडी आल्यावर पठाराच्या पदरांत काय पडलें, याचा थोडक्यांत विचार आज श्रोत्यांपुढें मांडावयाचा आहे.

वाशीम हें कांहीं आडबाजूचें नवखें गांव नव्हे. प्राचीन काळीं वत्सगुल्म या नांवानें तें वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी होतें. त्या शाखेंतील दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट १९३९ सालीं वाशीम येथेंच मिळाला. राजधानीला वाटा लागतात, आणि त्या वाटा या घाटांतून होत्याच. पुढील काळीं लमाणांचे तांडे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून अशाच घाटवाटांनीं ये-जा करीत. आगगाडी आली आणि त्यांचा हा पिढीजात धंदा बुडाला. आज वाशीम जिल्ह्यांत बंजारा समाजाची मोठी वस्ती आहे, आणि मानोरा तालुक्यांतील पोहरादेवी हें त्यांचें तीर्थक्षेत्र आहे. रेल्वेच्या इतिहासाची ही दुसरी बाजूही ध्यानांत ठेवावयास हवी.

मुंबई-ठाणें गाडी १८५३ सालीं धांवली. त्याच वर्षीं निजामाकडून वऱ्हाडाचा कारभार इंग्रजांच्या हातीं आला. पुढें अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें, तेथील कापूस अडला, आणि इंग्लंडांतील गिरण्यांची दृष्टि वऱ्हाडाकडे वळली. १८६७ पर्यंत भुसावळ-नागपूर हा मोठ्या रुळांचा मार्ग अकोल्यावरून पुरा झाला. कापूस जेथें पिकतो तेथून रूळ गेले, हें ओघानेंच आलें. बालाघाटचा माल मात्र बैलगाड्यांनीं घाट उतरून खालच्या स्टेशनांवर येत राहिला.

पूर्वेस कारंजें ही कापसाची जुनी पेठ. तेथें विसाव्या शतकाच्या आरंभीं मूर्तिजापूर-यवतमाळ ही अडीच फुटी अरुंद रुळांची लाइन आली. 'शकुंतला' या लाडक्या नांवानें लोक तिला ओळखत. तिचें वाफेचें इंजिन १९९४ पर्यंत चाललें. अलीकडे ती लाइन बंद पडली. दक्षिणेस निजामाच्या रेल्वेनें पूर्णा जंक्शनापासून हिंगोलीपर्यंत मीटर रुळांचा फांटा १९१२ सालीं नेला. म्हणजे उत्तरेस मोठे रूळ, पूर्वेस अरुंद रूळ, दक्षिणेस मीटर रूळ. आणि वाशीम मधोमध कोरडें! हिंगोली येथून पन्नास किलोमीटरांच्या आंत आहे. परंतु हिंगोली निजामाच्या राज्यांत, तर वाशीम इंग्रजी अंमलाखालीं. मधली सरहद्द ओलांडण्याची निकड दोन्ही सरकारांना भासली नाहीं. त्यांतच १९०५ सालीं वाशीमचा वेगळा जिल्हा मोडून वाशीम अकोल्यांत घालण्यांत आलें, आणि गांवाचें राहिलेलें वजनही कमी झालें. यावरून दिसेल कीं, वाट अडविली ती डोंगरानें कमी आणि सरहद्दीनें अधिक.

१९४८ सालीं हैदराबाद संस्थान भारतांत विलीन झालें आणि ही अडचण संपली. पहिल्या दोन पंचवार्षिक योजनांच्या काळांत खांडवा-हिंगोली या जोडमार्गाचें काम झालें. राजस्थान व इंदूरकडून येणारे मीटर रूळ खांडव्यापर्यंत होते, दक्षिणेचे हिंगोलीपर्यंत. ते मधें जोडावयाचे होते. त्या जोडणीच्या वाटेवर वाशीम होतें, म्हणून वाशीमला गाडी मिळाली. जयपूर-काचीगुडा मीनाक्षी एक्स्प्रेस याच मार्गानें जात असे. उत्तरेकडे मेळघाटांत धूळघाट येथें तर हा मार्ग वेटोळें घेऊन स्वतःच्याच रुळांवरून जाई.

अकोल्याकडून पठारावर चढतांना अमानवाडी, जऊळका अशीं लहान स्टेशनें लागतात. एकेरी मार्गावर अशा स्टेशनाचें महत्त्व त्याच्या उतारूंच्या संख्येवरून ठरत नाहीं. समोरासमोर येणाऱ्या दोन गाड्यांपैकीं एकीला बाजूच्या रुळांवर घेऊन दुसरीला वाट द्यावयाची, हें तेथील पहिलें काम. हें काम रात्रंदिवस, पावसापाण्यांत चालावें लागतें. तेथें चूक झाली तर घाटांत गाडी सांपडते. गांवाच्या दृष्टीनें मात्र स्टेशन म्हणजे तालुक्याबाहेरच्या जगाचें दार. तिकीट, बाजाराची गांठोडीं, दवाखान्यास निघालेला रोगी, परगांवीं शिकणारा मुलगा, हें सारें त्याच दारांतून जातें. जऊळक्याच्या लोकांनीं तर गांवाच्या नांवांतच ती जोडून घेतली. 'जऊळका रेल्वे' असेंच त्या गांवाचें नांव आहे. गांवानें आगगाडीला आपलें मानलें याची याहून मोठी साक्ष कोणती?

मीटर रुळांत एक उणें होतें. वाशीमकडील पोतें मुंबईस किंवा नागपुरास न्यावयाचें तर अकोल्यास तें एका डब्यांतून उतरवून दुसऱ्यांत चढवावें लागे. १९९८ सालीं वाशीम पुन्हां जिल्ह्याचें ठिकाण झालें, आणि २००८ सालीं पूर्णा-अकोला मार्ग मोठ्या रुळांचा झाला. अकोल्यापलीकडे अकोटपर्यंत मोठे रूळ २०२२ सालीं सुरू झाले. मेळघाटांतील वाटेचा प्रश्न मात्र वाघांच्या अरण्याशीं गुंतलेला आहे, आणि व्याघ्रप्रकल्पाबाहेरून रूळ नेण्याचा विचार त्यामुळेंच पुढें आला.

हा सारा इतिहास पाहतां एक गोष्ट स्पष्ट होते. बालाघाटच्या आसपासचे रूळ कधीं इंग्लंडांतील गिरण्यांसाठीं, कधीं संस्थानच्या सोयीसाठीं, कधीं उत्तर-दक्षिण जोडण्यासाठीं पडले. खुद्द पठारासाठीं असे क्वचितच. आज गाड्या जलद झाल्या आहेत, आणि गाडी जितकी जलद तितकीं तिचीं थांबावयाचीं ठिकाणें कमी. शहरांत राहणाऱ्या आपणांस प्रवासांतले वांचलेले दहा मिनिट मोलाचे वाटतात, तें साहजिक आहे. परंतु ज्या गांवानें रेल्वेला आपल्या नांवांत जागा दिली, त्या गांवीं दिवसांतून एखादी तरी गाडी थांबत राहावी, एवढी अपेक्षा तेथील लोकांनीं केली तर ती अवास्तव म्हणतां येणार नाहीं.